मैत्रिणीबरोबर मोटारसायकलवरून कोकणात जायचंय?



या खेपेला टपालात एक चांगलं जाडजूड पाकीट आलं. नेरूळहून. आत पाठपोट लिहिलेली सहा पानं. नाव छापू नये अशी विनंती आहे, तेव्हा आपण त्यांना नुसतं ताई म्हणू.

ताईंचं वय सत्तेचाळीस. मुलं मोठी झालेली, आपापल्या मार्गाला लागलेली. वाशीला त्यांची कॉलेजातली मैत्रीण राहते. बँकेत नोकरी, अंगात धडाडी. तीन वर्षांपूर्वी तिने साडेतीनशे सीसीची मोटारसायकल घेतली आणि तेव्हापासून रविवारी ती घरी सापडत नाही. आता तिने ठरवलंय की डिसेंबरात चार दिवसांची रजा काढायची, ताईंना मागे बसवायचं आणि थेट सावंतवाडी गाठायची. सावंतवाडीजवळ ताईंचं माहेर. आई गेल्यापासून सहा वर्षांत त्यांचं तिकडे जाणं झालेलं नाही. घर बंद आहे, अंगणातली आईची तुळस शेजारचे बघतात.

सहा पानांत काय आहे ते तुम्ही ओळखलंच असेल. सासूबाई म्हणतात, “या वयात फटफटीवर? आणि तेही बाईच्या मागे बसून?” यजमान म्हणतात, “तू ठरव.” (या दोन शब्दांचा अर्थ आपल्याला काय कुणी शिकवायला हवा!) मुलगी म्हणते, “आई, जाच.” आणि ताई विचारतात, “जाऊ का?”

पत्र इथेच संपलं असतं तर मी चार ओळींत उत्तर दिलं असतं. पण शेवटच्या पानाच्या समासात, बारीक अक्षरात, ताईंनी एक ताजा कलम घातलाय. “ती गाडी फार जोरात हाकते. वाशीहून नेरूळला येतानासुद्धा माझा जीव मुठीत असतो. पण तिला कसं सांगू? तिला वाईट वाटेल.”

ताई, तुमचं खरं पत्र या समासातच आहे. सासूबाईंचं उत्तर सोपं आहे, ते आधी उरकून टाकू.

सासूबाईंना सांगा की बायकांनी मोटारसायकलवर लांब जाणं ही काही कालपरवाची टूम नाही. ११ डिसेंबर १९३४ रोजी थेरेसा वॉलॅक आणि फ्लॉरेन्स ब्लेंकिरॉन या दोघी मैत्रिणी लंडनहून मोटारसायकलवर निघाल्या आणि सहारा वाळवंट ओलांडून १९३५ च्या जुलैअखेर केपटाउनला पोचल्या. गाडीला साइडकार, मागे सामानाचा ट्रेलर, आणि पुढे कित्येक ठिकाणी रस्ताच नाही. आपल्याकडे २०११ साली उर्वशी पाटोळे यांच्या पुढाकाराने पुण्यात ‘बायकर्नी’ हा फक्त बायकांचा मोटारसायकल गट सुरू झाला आणि त्याच वर्षी त्यातल्या काही जणी लडाखच्या खारदुंगला खिंडीपर्यंत गाड्या घेऊन गेल्या. आणि सासूबाईंना कपड्यांची काळजी असेल तर रमिला लटपटे यांचं नाव सांगा. २०२३ च्या मार्चमध्ये मुंबईहून त्या मोटारसायकलवर जगप्रवासाला निघाल्या, त्या नऊवारी नेसून. काष्टा मारलेल्या नऊवारीवर आक्षेप घ्यायला सासूबाईंना अवघडच जाईल!

घरच्या व्यवस्थेबद्दलही फार लिहीत नाही. एकच सांगते, चार दिवसांच्या पोळ्या लाटून फ्रीजमध्ये ठेवून जाऊ नका. घरात तीन धडधाकट माणसं आहेत. फोनचं मात्र आधी ठरवा. रात्री मुक्कामी पोचलात की तुम्ही फोन करायचा, दिवसा त्यांनी करायचा नाही. फोन उचलला नाही तर “गाडी चालू आहे” एवढंच समजायचं. नाहीतर पेणच्या पुढे गेलात नाही तोच “कुकरची शिटी कुठे ठेवलीस?” म्हणून खिशात फोन वाजायला लागतो, आणि तो काढताना तोल जातो तो तुमचा.

आता समासातल्या प्रश्नाकडे येऊ. त्यासाठी मला माझीच एक गोष्ट सांगायला हवी. ती मी या पानावर आजवर लिहिलेली नाही.

२००९ सालच्या जानेवारीतली ही हकीकत. माझी एक जिवाभावाची मैत्रीण, तिची मोटारसायकल आणि मागे मी. बेलापूरहून चिपळूणला तिच्या भाचीच्या लग्नाला निघालो होतो. ती सुरेख गाडी चालवायची, पण अंगात भारी घाई. ट्रक दिसला की तो मागे टाकायचाच. वडखळपर्यंत मला मजा वाटली. नागोठण्याला पोटात गोळा आला. कोलाडला चहा प्यायला थांबलो तेव्हा माझे हात थरथरत होते. तिने विचारलं, “थंडी वाजते का गं?” मी म्हटलं, “हो.”

बघा हं, तिने विचारलं होतं. तोंडाशी आलेलं वाक्य मी गिळलं. का? तर गाडी तिची, पेट्रोल तिचं, मला हौसेने नेतेय ती. वर मनात असंही की मी भित्री ठरेन, पुढच्या वेळी ती मला नेणार नाही. म्हणून थंडी वाजते म्हणाले. तिने बिचारीने स्वतःची शाल काढून मला दिली.

माणगाव मागे टाकलं तेव्हा उन्हं कलली होती. समोरून दिवे येत होते. एका वळणावर रस्त्यावर बारीक खडी पसरलेली होती. वेग कमी असता तर तिने गाडी सहज सावरली असती. मागचं चाक सरकलं आणि आम्ही दोघी गाडीबरोबर घसरत कडेच्या गवतात गेलो. मागून येणारा एक टेंपोवाला थांबला. त्याने आणि त्याच्या पोऱ्याने आम्हाला उचललं आणि महाडला दवाखान्यात पोचवलं. त्या दोघांची नावंसुद्धा विचारायची राहिली. माझं कोपर सोललं होतं आणि मनगट मुरगळलं होतं. तिच्या गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. डोक्याला हेल्मेट होतं म्हणून आज हे लिहायला मी आहे आणि वाचायला ती.

रात्री दवाखान्यातल्या कॉटवर पडल्या पडल्या मी रडत रडत तिला म्हटलं, “मला कोलाडपासूनच भीती वाटत होती गं.” ती माझ्याकडे नुसती बघत राहिली. मग म्हणाली, “मग सांगितलं का नाहीस?”

ती रागावली नव्हती. तिला खरंच कळत नव्हतं. बावीस वर्षांची आमची मैत्री, एकमेकींची बाळंतपणं केलेली, आणि हिने मला एवढं सांगू नये? तिच्या खांद्यात पुढे पट्टी बसवावी लागली. थंडीत तो खांदा अजून धरतो. ती बोलून दाखवत नाही, पण वरच्या फळीवरचा डबा काढायचा असला की डावा हात पुढे करते. ते दिसतं मला.

म्हणून ताई, तुम्ही लिहिलंत ना, “तिला वाईट वाटेल”, ते मला चांगलं ठाऊक आहे. वाटेलच. पण ते वाशीत, चहाच्या टेबलाशी वाटू दे.

कसं सांगायचं तेही लिहिते. “तू जोरात चालवतेस” म्हणून सुरुवात करू नका. त्याने वाद होतो, ती म्हणणार, “छे, मी तर साठनेच जाते.” “मला मागे बसून भीती वाटते” असं सांगा. त्यावर वाद घालता येत नाही. मागे बसणारीला पुढचा रस्ता नीट दिसत नाही, ब्रेक तिच्या हातात नसतो, आणि पुढचीला मागचीचा चेहरा दिसत नाही. वाऱ्यात आणि हेल्मेटमध्ये बोललेलं ऐकूही येत नाही. त्यामुळे पुढचीला वाटतं सगळं छान चाललंय, आणि मागची डोळे मिटून रामरक्षा म्हणत असते. यात दोघींपैकी कुणाचाच स्वभाव वाईट नसतो.

पुढे दोन वर्षांनी आम्ही दोघी पुन्हा निघालो (हो, निघालो!) तेव्हा आम्ही खुणा ठरवल्या होत्या. खांद्यावर एक थाप म्हणजे हळू. दोन थापा म्हणजे पुढे जागा दिसेल तिथे थांब. मांडीवर थाप म्हणजे आत्ताच्या आत्ता. आणि नियम असा की थाप पडली की आधी ऐकायचं, कारण नंतर विचारायचं. आणि कारण कितीही क्षुल्लक निघालं तरी हसायचं नाही. एकदा मी नुसतं जांभळाचं झाड दिसलं म्हणून दोन थापा मारल्या होत्या. तिने गाडी थांबवली. हसली मात्र नाही, हा तिचा मोठेपणा.

हे बोलणं झालं की लगेच सावंतवाडीला निघू नका. एखाद्या रविवारी सकाळी नेरूळहून कर्नाळ्यापर्यंत जाऊन या. पनवेल ओलांडून पळस्पे फाट्यावरून गोव्याच्या रस्त्याला लागलात की कर्नाळ्याचं पक्षी अभयारण्य फार लांब नाही. जाताना गाडी, ट्रक, वळणं सगळं भेटतं. तिथे एकदा मुद्दाम खांद्यावर थाप मारून बघा. वेग उतरला तर निर्धास्त जा. उतरला नाही, किंवा तिने “काय गं घाबरट!” म्हणून थट्टेवारी नेलं, तर माझं स्पष्ट मत आहे की मोटारसायकलवर जाऊ नका. पनवेलहून सावंतवाडी रोडला कोकण रेल्वे आहे. तुम्ही रेल्वेने जा, तिला हौसेने तिच्या गाडीवरून येऊ दे, आणि दोघी मिळून तुमच्या आईच्या अंगणात बसून चहा प्या. मैत्री टिकवायला दोघींनी एकाच गाडीवर बसायला हवं असं थोडंच आहे?

ती ऐकेल असं धरून पुढचं लिहिते.

पहिलं म्हणजे चार दिवस पुरायचे नाहीत. पनवेलपासून सावंतवाडी साडेचारशे किलोमीटरच्या वर आहे. तरुण मुलं एका दिवसात जातात, जाऊ देत. तुम्ही जाताना दोन दिवस, येताना दोन दिवस आणि माहेरी दोन दिवस असे सहा दिवस धरा. जाताना पहिला मुक्काम चिपळूणला. सकाळी उजाडल्यावर निघायचं आणि संध्याकाळी पाचला जिथे असाल तिथे गाडी लावायची. डिसेंबरात सहाच्या सुमारास अंधारून येतं. तासाभराने एकदा खाली उतरून पाय मोकळे करायचे, दमला नसलात तरी.

रस्त्याबद्दल सांगायचं तर आपल्या नवी मुंबईच्या अंगणातले दोन सगळ्यांत गुळगुळीत रस्ते दुचाकीला बंद आहेत. कळंबोलीहून सुटणारा पुण्याचा द्रुतगती मार्ग एक, आणि जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेला अटल सेतू दुसरा. आपल्या वाट्याला आहे तो गोव्याचा जुना रस्ता. पेण, नागोठणं, कोलाड, माणगाव, महाड, पोलादपूर, कशेडी, खेड, चिपळूण अशी ही वाट. तिच्या चौपदरीकरणाचं काम २०११ साली हाती घेतलं आणि ते इतकी वर्षं रेंगाळलं की त्यावर बोलून लोक थकले. त्यामुळे निघण्याआधी नुकत्याच जाऊन आलेल्या कुणाला तरी विचारा. कुठे वळवलंय, कुठे खडी आहे, हे नकाशापेक्षा माणूस नीट सांगतो.

आणि डिसेंबर म्हणजे डिसेंबर. “पावसात कोकण काय सुंदर दिसतं” असं म्हणून मैत्रिणीने जुलै काढला तर बधू नका. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीला पूर आला आणि ब्रिटिशांच्या काळातला पूल वाहून गेला. अंधारात पूल नाही हे कळायच्या आत दोन एसट्या आणि इतर वाहनं माणसांसकट नदीत गेली. पुढच्या वर्षी तिथे नवा पूल झाला. त्यावरून जाताना अजून आपोआप हात जोडले जातात. गणपतीच्या दिवसांत तर या रस्त्याचं नावच नको. पेणहून मूर्ती आणि मुंबईहून चाकरमानी एकाच वेळी निघतात.

आता मागे बसणारीने काय करायचं ते. एका बाजूला दोन्ही पाय सोडून बसायची आपली जुनी सवय गावातल्या गावात चालून जाते, लांबच्या प्रवासाला मुळीच नको. दोन्हीकडे पाय टाकून बसा, पाय फूटरेस्टवर टेका, आणि सिग्नलला गाडी थांबली तरी पाय जमिनीला लावू नका. वळणावर गाडी जिकडे कलते तिकडेच आपणही कलायचं. भीतीने उलट्या बाजूला अंग टाकलं की चालवणारीला गाडी आवरत नाही. तिचे खांदे घट्ट धरू नका, कमरेशी धरा किंवा मागचा दांडा धरा.

साडी नको, ओढणी तर नकोच नको. मागच्या चाकाला जाळी लावायचा कायद्यात नियम आहे तो आपल्या पदरांसाठीच केलेला, पण पुष्कळ जण गाडी छान दिसावी म्हणून ती काढून ठेवतात. मैत्रिणीच्या गाडीला आहे का ते पाहून घ्या. जाड सुती पँट, घोटा झाकणारे बूट, पूर्ण बाह्यांचं जाकीट. वेणी आणि मंगळसूत्र जाकिटाच्या आत. हेल्मेट मागे बसणारीलाही लागतं, आणि ते आयएसआय छाप पाहून स्वतःच्या मापाचं घ्या. मुलाचं उसनं नको. पट्टा लावून मान हलवल्यावर डोक्यावर फिरत असेल तर ते तुमचं नव्हे.

एक गोष्ट बायका एकमेकींतही मोकळेपणाने बोलत नाहीत. वाटेत जायची सोय नसते म्हणून आपण पाणीच पीत नाही. सकाळच्या चहावर दुपारपर्यंत ओढतो. मग डोकं दुखतं, पायात गोळे येतात, आणि घरी आल्यावर लघवीला जळजळ सुरू होते ती वेगळीच. असं करू नका. पेट्रोलपंपावर स्वच्छतागृह असतं आणि ते वापरायला पैसे द्यावे लागत नाहीत. पेट्रोल भरलं नाही तरी विचारायला लाजू नका. मोठ्या गावांत एसटी स्टँड आहेतच. जवळ साबणाचे कागद, टिश्यू, एक जुनं वर्तमानपत्र आणि दोन जास्तीचे पॅड ठेवा, तारीख नसली तरी. कधी कधी अवेळी येते.

सामान कमी. माहेरी जाताना आपला हात सैल सुटतो, पण मोटारसायकलला डिकी नसते. कपडे आधी प्लास्टिकच्या पिशवीत आणि मग बॅगेत. बॅग मागे इलॅस्टिकच्या दोरीने आडवी-उभी दोन्हीकडून आवळायची आणि दोरीचं लोंबतं टोक आत खोचायचं. पाठीवर जड सॅक घेऊन बसू नका, संध्याकाळी मान वळणार नाही.

गाडीचं मैत्रिणीला ठाऊक असेल, तरी दोन गोष्टी विचारून ठेवा. दोघी आणि सामान म्हटल्यावर टायरमधली हवा एकटीपेक्षा जास्त लागते, आणि चेनला तेल दिलंय का. विमा कसला आहे तेही विचारा. नुसता थर्ड पार्टी असेल तर मागे बसणारीला अपघातात काय मिळतं हे एजंटकडून नीट समजून घ्या. संकोच नको, तुमच्या हाडांचा प्रश्न आहे. आणि मध्येच “जरा मी चालवते” असा उत्साह आला तर आधी आपलं लायसन काढून बघा. बिनगिअरच्या स्कूटरचं लायसन गिअरच्या मोटारसायकलला चालत नाही.

खाण्याचं तुम्हाला मी काय सांगणार? फक्त दुपारी वडे-सागुती पोटभर हाणून लगेच गाडीवर बसू नका. पेंग पुढचीलाच येते असं नाही, मागचीलाही येते, आणि मागची पेंगली तर ती सरळ रस्त्यावर. दुपारी पेज-भाजी किंवा थोडा भात आणि सोलकढी. वड्यांचं रात्री बघा.

सासूबाईंसाठी सावंतवाडीच्या चितारआळीतून लाकडी फळांची परडी आणा. केळी, आंबे, सीताफळ, अगदी खऱ्यासारखी रंगवलेली असतात. कागदात गुंडाळून कपड्यांच्या मधोमध ठेवा, हँडलला अडकवू नका. आणि आईच्या तुळशीचं एखादं रोप आणायचं मनात असेल, असणारच, तर ते मुळाशी ओलं फडकं बांधून जाकिटाच्या आत पोटाशी घ्या. मैत्रिणीला सांगून ठेवा की त्या दिवशी जास्त वेळा थाप पडेल.